खाणकामगाराचा हिशेब

1886 साली दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँड नावाच्या डोंगरकण्यावर सोने सापडले आणि जोहान्सबर्ग शहर उभे राहिले. वाचकहो, सोन्याची खाण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे झळझळणारे दगड येतात. तेथे तसे काही नव्हते. खोल भुयारात उतरून टनभर खडक फोडावा, तेव्हा कोठे अर्धा-एक तोळा सोने हाती लागायचे. त्यात सोन्याचा भाव बाहेर ठरणारा. खाणवाल्यांच्या हाती तो नव्हता. मग नफा काढायचा कशातून? मजुरीतून!

त्यासाठी बसवलेली व्यवस्था मोठी हिशेबी होती. 1900 साली खाणवाल्यांनी भरतीसाठी एक सामाईक संस्था काढली. लोक तिला 'वेनेला' म्हणत. मोझांबिकसारख्या शेजारच्या मुलखांतून तिने माणसे करारावर आणायची, 'कंपाउंड' नावाच्या बंदिस्त आवारात खाणीने त्यांना ठेवायचे आणि मुदत संपली की गावी धाडायचे. बायकामुले गावीच राहत. ती शेतीवर पोट भरतीलच, असे गृहीत धरून मजुरी ठरे ती एकट्या माणसाच्या पोटापुरती. म्हणजे पाहा, जिने खाणीचे तोंडही पाहिले नाही, ती शेतात राबणारी बाई खाणीचा खर्च उचलत होती, आणि तिचे नाव कोणत्याच वहीत नव्हते.

12 ऑगस्ट 1946 रोजी रोजच्या 10 शिलिंग मजुरीसाठी साठ हजारांहून अधिक काळे कामगार संपावर गेले. पोलिसांनी तो चार-पाच दिवसांत मोडून काढला. निदान नऊ कामगार प्राणास मुकले. मजुरीचे काय झाले ते पुढे एका अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले. केपटाउन विद्यापीठाच्या फ्रान्सिस विल्सन यांनी 1911 ते 1969 पर्यंतच्या मजुरीचे आकडे तपासून 1972 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. महागाई वजा जाता 1969 सालच्या काळ्या कामगाराची रोख मिळकत 1911 पेक्षा वाढलेली नव्हती. गोऱ्या कामगाराची मिळकत मात्र त्याच्या सुमारे 12 पट होती ती 20 पट झाली. अठ्ठावन्न वर्षे! ग्रंथ कोरड्या आकड्यांचा खरा, पण त्याइतके जळजळीत लिखाण मी थोडेच वाचले आहे.

तरी विल्सन यांचे मुख्य लक्ष खाणीवर होते. खाणीतून गावाकडे वळल्या त्या रूथ फर्स्ट. या जोहान्सबर्गच्या पत्रकार. 1963 साली वर्णद्वेषी सरकारने त्यांना खटल्यावाचून 117 दिवस कोंडून ठेवले, नंतर त्यांनी देश सोडला. 1977 साली त्या मोझांबिकची राजधानी मापुतो येथील विद्यापीठात संशोधनाला आल्या. देश 1975 साली स्वतंत्र झालेला. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या खाणींनी तिथली भरती एकदम आखडती घेतली. 1975 साली लाखाच्या वर मोझांबिकी कामगार तेथे होते; दोन-तीन वर्षांत ते निम्म्याहूनही कमी उरले.

आता कोणी म्हणेल, बरेच झाले की, गुलामी सुटली. पण फर्स्ट आणि त्यांचे सहकारी इन्यांबान प्रांतातल्या खेड्यांत गेले, कामगारांना नि त्यांच्या घरच्यांना बोलते केले, कामावरची गाणीही टिपून घेतली. दिसले ते असे की नांगर, बैल, घराचे पत्रे, लग्नातले देणे, सुताराची हत्यारे, सारे खाणीच्या पैशावर चाललेले. माणूस अर्धा कामगार, अर्धा शेतकरी. एक अर्धा तोडला की दुसराही लंगडा पडतो. खाण बंद करणे पुरेसे नाही, गावाला दुसरा आधार आधी उभा करावा लागतो, हे त्या अभ्यासातून निघते. 17 ऑगस्ट 1982 रोजी, दक्षिण आफ्रिकी पोलिसांनी धाडलेल्या टपालातल्या बाँबने रूथ फर्स्ट यांचा त्यांच्या कचेरीतच बळी घेतला. ग्रंथ दुसऱ्या वर्षी निघाला.

आज 'न्याय्य संक्रमण' हा शब्द वारंवार कानी पडतो. हवामानासाठी कोळसा सोडायचा, पण कामगाराला वाऱ्यावर सोडायचे नाही, असा त्याचा अर्थ. दक्षिण आफ्रिकेची बहुतेक वीज कोळशाची. कोळसाखाणींत नव्वद हजारांच्या आसपास माणसे. म्पुमलांगा या कोळशाच्या प्रांतातले कोमाटी वीजकेंद्र 31 ऑक्टोबर 2022 रोजी बंद झाले. कायम नोकरांची बहुतेक इतरत्र सोय लागली. कंत्राटी कामगार आणि त्यांच्यावर चालणारी आसपासची दुकाने यांना मात्र झळ बसली. वहीबाहेरची माणसे पुन्हा वहीबाहेरच!

कोळशाचे राहू द्या, सोन्याच्या खाणींतल्या माणसांचा हिशेब तरी कोठे पुरा झाला आहे? दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे तेथे 1912 च्या कायद्यालाही ठाऊक होते. तरी सिलिकोसिसच्या रोग्यांसाठी सुमारे 5 अब्ज रँडची तडजोड न्यायालयाने मंजूर केली ती 2019 साली. 1965 नंतर खाणीत राबलेल्यांना आणि मेलेल्यांच्या वारसांना तीतून भरपाई मागता येते. मागायची तर नोकरीचा पुरावा हवा. तो शोधायला आज उपयोगी पडतात त्या 'वेनेला'ची वारस असलेल्या 'टेबा' या भरतीसंस्थेच्या जुन्या नोंदी.