शनिवारवाड्यातल्या दरबाराचं छापील चित्र

शनिवारवाड्याचा गणेश रंगमहाल डोळ्यांपुढे आणायला आपण बहुधा एकाच चित्राकडे वळतो. उंच नक्षीदार खांब, मागे गजानन, बैठकीवर सोळा वर्षांचे सवाई माधवराव आणि टिपूविरुद्धच्या १७९०च्या तहाचा कागद त्यांना देणारा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट. थॉमस डॅनियलच्या या तैलचित्रावरून चार्ल्स टर्नरने तांब्याच्या पत्र्यावर छाप कोरला. तो १८०७ साली निघाला आणि दरबार घरोघरी पोचण्याची सोय झाली.

पण डॅनियल त्या दरबारात नव्हताच. मॅलेटला हा प्रसंग रंगवून हवा होता. ते काम हाती घेणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स मुंबईत उतरला १७९१ साली आणि पुण्याला आला त्यानंतर. म्हणजे तह होताना तोही हजर नव्हता. मात्र त्याने पेशव्यांना आणि नाना फडणवीसांना समोर बसवून रंगवलं, पुण्यात राहून भरपूर रेखाटनं केली. ऑक्टोबर १७९५मध्ये सवाई माधवराव गेले, नोव्हेंबरात वेल्सही. मोठं चित्र राहूनच गेलं.

१७९९ साली मॅलेटने वेल्सच्या मुलीशी, सुझॅनाशी, लग्न केलं. पुढे इंग्लंडमध्ये वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलने चित्र पुरं केलं, ते १८०५ साली.

टर्नरचा हातखंडा मेझोटिंटमध्ये होता. यात पत्रा आधी दातेरी हत्याराने सगळा खरबरीत करतात. तसाच छापला तर निव्वळ काळा ठसा उमटतो. मग जिथे उजेड हवा तिथे तो खरवडून, घासून गुळगुळीत करायचा. रेघ न ओढता काळोखातून उजेड काढणारी ही रीत महालाच्या अंतर्भागाला फार शोभते.

चित्र मॅलेटच्या गौरवासाठी झालं, त्यामुळे कोण कुठे बसलं याचा पुरावा म्हणून मी ते मानणार नाही. चेहऱ्यांची आणि वास्तूची गोष्ट वेगळी. ती पुण्यात बसून पाहिलेल्या डोळ्यांची आहे, आणि १८२८च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्यावर तिचं मोल फार वाढलं. म्हणून पुस्तकांत हे चित्र छापणाऱ्यांना विनंती: खाली नुसतं ‘१७९०चा दरबार’ लिहू नका. १८०५ हे सालही द्या, आणि डॅनियलशेजारी वेल्सचं नाव घाला.