फुप्फुसातील औषधधारणा
श्वासावाटे घेतलेले औषध फुप्फुसाच्या ऊतकात (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहात) काही काळ टिकून राहण्याच्या क्रियेला औषधधारणा म्हणतात. औषध फुप्फुसापर्यंत पोहोचवावे कसे, हा प्रश्न जुना आहे. ते तेथे थांबते कसे, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आला व त्याची उत्तरे बव्हंशी फसलेल्या किंवा अनपेक्षित प्रयोगांतून मिळाली.

दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपचार भारतात पूर्वापार चालत आला होता. १८०२ च्या सुमारास तो मद्रासमार्गे ब्रिटनमध्ये गेला. १९५६ मध्ये अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीने मोजकी मात्रा देणारा दाबयुक्त फवारा बाजारात आणला. मात्रा निश्चित झाली, पण फवाऱ्यातील आयसोप्रिनॅलिनाचा परिणाम लवकरच ओसरे आणि रुग्ण पुन:पुन्हा फवारा घेत. १९६० नंतर ब्रिटनसह काही देशांत दम्याने होणारे मृत्यू वाढले, तेव्हा तीव्र मात्रेच्या या फवाऱ्यांकडे बोट दाखविले गेले. कारणांविषयी वाद झाला, तरी अल्पकाळ टिकणाऱ्या औषधाची उणीव त्यामुळे उघड झाली.

मुळात फुप्फुसाची रचनाच धारणेस प्रतिकूल आहे. सु. १ ते ५ मायक्रोमीटर व्यासाचे कण खोलवर जातात. त्याहून मोठे कण घशातच अडकतात व गिळले जातात. श्वासनलिकांतील पक्ष्माभिका (केसांसारखे सूक्ष्म तंतू) श्लेष्म्याबरोबर कण वर लोटतात. वायुकोशांचा पृष्ठभाग सु. ७० चौ. मी. असून हवा व रक्त यांमधील पडदा १ मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. त्यामुळे विरघळलेले लहान रेणू त्वरेने रक्तात जातात. १९५० नंतर कॉर्टिसोन व हायड्रोकॉर्टिसोन श्वासावाटे देण्याचे प्रयत्न झाले, ते याच कारणामुळे व औषधांच्या अपुऱ्या तीव्रतेमुळे निराशाजनक ठरले. १९७२ मध्ये बेक्लोमेथॅसोनाने हे चित्र बदलले.

पुढील कोड्याचे उत्तर स्वीडनमध्ये मिळाले. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड फारसे मेदविद्राव्य नसूनही दिवसातून एकदा घेतले तरी पुष्कळांना पुरते. १९९० नंतरच्या दशकात असे आढळले, की कोशिकांत त्याचा वसाम्लांशी संयोग होऊन निष्क्रिय एस्टर बनते आणि मुक्त औषध कमी होताच एंझाइमे एस्टर फोडून ते परत देतात. कणगीत धान्य साठवून लागेल तसे काढावे, तसा हा प्रकार आहे. फ्ल्युटिकासोनाचे असे एस्टर बनत नाही. ते पाण्यात अत्यंत मंद विरघळते, म्हणूनच टिकते. परंतु श्वासनलिका आकुंचित झालेल्या रुग्णांत न विरघळलेले कण वर लोटले जाऊन वायाही जातात. तेव्हा कणाचे वास्तव्य म्हणजे धारणा नव्हे.

फॉर्मोटेरॉल या जपानी औषधाची हकीकत अधिक उद्‌बोधक आहे. गोळीच्या रूपात त्याचा परिणाम अल्पकालीन होता. श्वासावाटे दिल्यावर तो सु. १२ तास टिकला. कोशिकापटलातील मेदात शिरलेले औषध हळूहळू ग्राहींकडे झिरपते, असा याचा खुलासा करण्यात आला. २००२ मध्ये यूरोपात आलेले टायोट्रोपियम मात्र ग्राहीलाच घट्ट चिकटून राहते. याहूनही दीर्घ धारणा पेंटामिडीनाची आहे. एड्सच्या रुग्णांतील न्यूमोसिस्टिस फुप्फुसशोथ टाळण्यासाठी १९८९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेली त्याची मात्रा चार आठवड्यांतून एकदा ३०० मिग्रॅ. एवढीच आहे.

मानवी फुप्फुसातील औषधाचे मापन कठीण असते, कारण रक्तातील प्रमाणावरून ऊतकातील प्रमाण कळत नाही. म्हणून फुप्फुसाचा भाग काढावयाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी श्वासावाटे औषध देऊन काढलेल्या ऊतकातच त्याचे मापन करण्यात आले.