कौंटीचे पगारी खेळाडू आणि बेनिफिटची प्रथा

इंग्लंडमधील कौंट्या म्हणजे परगण्यांच्या संघांमध्ये 1962 अखेरपर्यंत दोन वर्गांचे खेळाडू असत: मानधन न घेता खेळणारे हौशी 'जंटलमेन' आणि खेळावरच पोट असणारे पगारी 'प्लेयर्स'. त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या बहुधा वेगळ्या असत आणि धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाआधी, तर पगारी खेळाडूची आडनावानंतर छापली जात. पगारी खेळाडूची कमाई मुख्यतः उन्हाळ्याच्या हंगामापुरती असल्याने अनेकांना हिवाळ्यात दुसरे काम शोधावे लागे. यॉर्कशायरने कर्णधार लॉर्ड हॉक यांच्या कारकिर्दीत हिवाळी वेतन सुरू केले, हा त्या काळी मोठाच दिलासा होता.

म्हातारपणाची तरतूद मात्र 'बेनिफिट'वर, म्हणजे दीर्घ सेवेनंतर खेळाडूच्या मदतीसाठी ठेवलेल्या सामन्याच्या उत्पन्नावर आणि वर्गणीवर, अवलंबून असे, आणि ते उत्पन्न पावसाच्या किंवा खेळाच्या लहरीवर ठरे. मिडलसेक्सच्या आल्बर्ट ट्रॉटने 1907 मध्ये लॉर्ड्सवरील आपल्याच बेनिफिट सामन्यात सॉमरसेटच्या एकाच डावात लागोपाठच्या चार चेंडूंवर चार बळी आणि पुढे आणखी एक हॅटट्रिक घेतली. सामना लवकर आटोपला आणि गोलंदाजाच्या पराक्रमाने त्याच्याच पदरची तिकीटविक्री बुडाली.

या प्रथेचे खरे स्वरूप न्यायालयात उघड झाले. केंटच्या जेम्स सेमूर यांना 1920 च्या बेनिफिटमधून मिळालेल्या रकमेवर प्राप्तिकर लागत नाही, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने 1927 मध्ये ठरवले, कारण ती करारान्वये मिळणारी कमाई नसून चाहत्यांनी व्यक्तिशः दिलेली देणगी होती. उलट, लँकशायरमधील लीग क्रिकेट खेळणाऱ्या ब्रूस डूलंड यांच्यासाठी मैदानावर गोळा होणारा निधी त्यांच्या करारात नमूद असल्याने 1955 मध्ये करपात्र ठरला. हक्क मागावा तर सवलत जाई, आणि सवलत राखायची तर क्लबच्या समितीची मर्जी सांभाळावी लागे; या पेचामुळे खेळाडू वर्षानुवर्षे संघाशी बांधलेले राहिले, असे मानण्यास वाव आहे.

हौशी-पगारी भेद रद्द झाल्यावर आणि 1967 मध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिल्यावरही बेनिफिट टिकले. परदेशी खेळाडूंना तत्काळ नोंदणीची मुभा मिळाली त्या 1968 साली लँकशायरमध्ये दाखल झालेले मुंबईचे फारूख इंजिनिअर यांनाही 1976 मध्ये ते मिळाले. अशा उत्पन्नाची सरसकट करमुक्तता 2017 मध्ये संपली. सूट पहिल्या एक लाख पौंडांपुरती उरली.