रद्दीतून उरलेलं

मंडळी, जून १९३८चा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक अमेरिकेत १० सेंटला मिळायचा. सुपरमॅन अवतरला तो त्यातच. पोरांनी अंक वाचून चुरगाळले. पुढे महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यांत कॉमिक्सचे ढीगच्या ढीग गेले. २०१४ साली या अंकाची एक प्रत ३२ लाख डॉलरला विकली गेली. दर्जा १० पैकी ९! घड्या, कडा, पानांचा पिवळेपणा बघून हे गुण देतात.

उलट १९९२मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला, तो लाखो लोकांनी पिशवीसुद्धा न फोडता जपला. आज तो सहज, स्वस्तात मिळतो. तेव्हा नुसत्या जुनेपणाला भाव नसतो. इतरांनी टाकून दिल्यावर जे उरतं, त्याला असतो. इतिहासाची साधनंही अशीच उरतात, बरं का!