इगतपुरीचा देशी पाइन कोणता?

परवा एका शेतकरी मित्राने फोटो पाठवला. "हा देशी पाइनच ना? बारमाही हिरवा असतो, बांधावर वाऱ्याला आडोसा म्हणून लावू का?" फोटोतलं झाड सुरूचं होतं. हीच चूक मी करून बसलोय, म्हणून लिहितो.

सुरूची 'सुई' हलकेच ओढा, पेरापेरावर सुटते. कारण ते पान नाही, बारीक फांदी आहे. पानं म्हणजे पेरावरचे इवलेसे दाते. खऱ्या पाइनच्या सुया जुडग्यात येतात, हिमालयातल्या चीडला तीन-तीन. आपल्या सह्याद्रीत मूळचा पाइन नाहीच. त्या वर्गातलं एक देशी झाड केरळ-तमिळनाडूच्या घाटात आहे, पण त्याची पानं रुंद आणि तेही पाइन नव्हे.

पाइन आपल्या भागात रेल्वेसोबत आला तो लाकूड बनून. १८६५ साली थळ घाटातून गाडी इगतपुरीला चढली. देशभर रुळांखाली लाखो स्लीपर लागायचे. इथलं जंगल तुटायचंच, वर युरोपातलं पाइन क्रिओसोट पाजून बोटीने यायचं. मुंबई इलाख्यात १८४७ पासून वनसंरक्षक होता, पहिला डॉ. अलेक्झांडर गिब्सन. १८६५ ला वन कायदा आला, १८७८ ला तो कडक झाला. पण सरकारचा डोळा मुख्यतः सागासारख्या मोलाच्या लाकडावर. आमचं बारमाही हिरवं जांभूळ, अंजनी उरलं ते देवराईत नि ओढ्याकाठी.

मी 'पाइन' म्हणून विकत घेतलेली साठ सुरूची रोपं भाताच्या बांधावर लावली. पावसाळाभर मुळाशी पाणी तुंबलं, अकरा जगली. ओढ्याकाठचं आजोबांच्या वेळचं जांभूळ मात्र तसंच उभं.

जांभूळ ओळखायला सोपं. पानं समोरासमोर, कडेला लागून एक शीर धावते, चुरगळलं की टर्पेंटाइनसारखा वास. गंमत बघा, टर्पेंटाइन निघतं पाइनमधून! बी मात्र ताजंच लावा. गर धुवा नि आठवड्याच्या आत पिशवीत टोचा. वाळवून ठेवलं तर उगवण जाते. एका बीतून दोन-तीन कोंब आले तर जोमदार तेवढा ठेवा.

इगतपुरीला शोभणारा 'पाइन' हाच. तुमच्या शिवारात जुनं जांभूळ असेल तर यंदा त्याचं बी वाया घालवू नका.