गुडघ्याच्या मोजमापाचा जुना वारसा

गुडघ्यावर बांधायचा सेन्सर आजच्या काळाचे अपत्य वाटतो. पण मोजणारे यंत्र चालणाऱ्याच्याच अंगावर चढवण्याची कल्पना सुमारे दीडशे वर्षे जुनी आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी १८७३ च्या ग्रंथात हवेची पोकळी असलेले बूट वर्णिले आहेत. पाऊल टेकले की दाबलेली हवा नळीतून जाई आणि चालणाऱ्याच्या हातातल्या नोंदयंत्रावर रेघ उमटे.

यावर कोणी म्हणेल, की मारे यांनी पावलाचा दाब टिपला, गुडघ्याचा कोन नव्हे. आक्षेप खरा आहे. पण ती उणीव लवकरच भरून निघाली. १८९१ मध्ये लाइपझिगला ब्राउने आणि फिशर या संशोधकांनी एका माणसाच्या हातापायांवर प्रकाशणाऱ्या गाइसलर नळ्या बांधल्या, अंधारात त्याच्या चालीची छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून सांध्यांची हालचाल त्रिमितीत मांडली. त्या आकडेमोडीत वर्षे गेली. आजच्या सेन्सरमधले त्वरणमापक आणि जायरोस्कोप तेच काम चालता चालता करतात. म्हणजे नवा आहे तो वेग, विचार नव्हे. अडचणही जुनीच आहे: पट्टा कातडीवर बसतो, हाड आत असते आणि कातडी सरकली की कोन चुकतो. म्हणून सेन्सरचा आकडा हा तपासणाऱ्या हाताचा सोबती आहे, त्याचा पर्याय नाही.