फिर्यादीचे नाव



इतिहासात न्यायाच्या नावाने झालेल्या अन्यायाचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा न्यायाधीशांवर खिळते. परंतु असा खटला एकटा न्यायाधीश चालवू शकत नाही. त्याला फिर्यादी लागतो, साक्षीदार लागतो, गप्प बसणारा शेजारीही लागतो. आज या माणसांकडे पाहू.

अमेरिकेतील सेलम येथे 1692 मध्ये, प्युरिटन ख्रिस्ती वसाहतीत, चेटकाच्या आरोपावरून 19 जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी या वृद्धाचा दगडांखाली चिरडून अंत झाला. आरोप करणाऱ्यांत बारा वर्षांची ॲन पटनम होती. मुलींनी भरन्यायालयात नावे घेतली, ती कागदावर उतरली, ते कागद राहिले. म्हणूनच न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांनी 1697 मध्ये भरसभेत उभे राहून दोष पत्करला आणि 1706 मध्ये ॲननेही चर्चमध्ये क्षमा मागितली. गेलेले जीव परतले नाहीत, पण अपराधाला धनी मिळाला.

आपल्या गोमंतकात 1560 मध्ये इन्क्विझिशन हे धर्मन्यायासन स्थापन झाले. 1774 ते 1778 हा खंड वगळता ते 1812 पर्यंत चालले. जुन्या गोव्यातील त्याच्या वाड्याला लोक ‘व्हडलें घर’ म्हणत. तेथील मुख्य शस्त्र गुप्तता हे होते. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याला 1673 मध्ये दमण येथे पकडण्यात आले. आपल्यावर आरोप कोणी केला हे कैद्याला सांगितले जात नसे, उलट स्वतःचा गुन्हा त्यानेच ओळखून कबूल करावा अशी अपेक्षा असे, असे त्याने 1687 च्या ग्रंथात नोंदवले आहे. वैद्यकशास्त्रज्ञ गार्सिया द ऑर्ता 1568 मध्ये वारले. पुढे त्यांची बहीण कातारिना पकडली गेली आणि 1569 मध्ये तिला जाळण्यात आले. कैदेतील आप्तांच्या जबान्याच मृत गार्सियाविरुद्ध पुरावा ठरल्या आणि 1580 मध्ये त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. धाकाखाली बळीलाच साक्षीदार करण्याची ही रीत होती.

आपली डिचोली 1781 मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आली; त्यापूर्वी बराच काळ ती या न्यायासनाच्या हद्दीबाहेर होती. नदीपलीकडच्या दिवाडीचा सप्तकोटेश्वर याच तालुक्यातील नार्व्यात स्थिरावला आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याचे देवालय पुन्हा उभारले. सीमेपलीकडे आसरा होता, हे त्या देवालयाकडे पाहून आजही कळते.

न्यायासन बंद झाल्यावर त्याचे बहुतेक दप्तर नष्ट करण्यात आले. अ. का. प्रियोळकर यांना 1961 च्या आपल्या ग्रंथात देलाँसारख्यांच्या वृत्तांतांवर मोठी भिस्त ठेवावी लागली, ती यामुळेच. सेलमच्या ॲनचे नाव आपण घेऊ शकतो. गोव्यात ज्यांनी शेजाऱ्याविरुद्ध कुजबुज केली, त्यांतील बहुतेकांची नावे आपल्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. त्यांतील कोणी पुढे रात्र रात्र तळमळलाही असेल, पण त्याला क्षमा मागण्याची जागा त्या व्यवस्थेने ठेवली नाही.

विद्यार्थिमित्रहो, गावात कोणावर चेटकाचा वा पापाचा ठपका येईल, तेव्हा पहिला प्रश्न एवढाच विचारा: हे कोण म्हणतो, आणि तो समोर येऊन म्हणेल काय?